परवाना 26 चा घेऊ की 76 चा?

‘काका, नमस्कार. मी मूळचा देवगडचा. गेल्या ऑगस्टपासून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एमएस करतोय, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर. खोलीपासून दहा मिनिटांवर ह्युरॉन नदी आहे आणि संध्याकाळी तिथे लोक गळ टाकून बसलेले दिसले की माझा जीव कासावीस होतो. मासेमारीचा परवाना काढायला गेलो तर दोन दर दिसले: रहिवाशाला 26 डॉलर, बाहेरच्याला 76. एक रूममेट म्हणतो, “रेसिडेंट लिहून टाक, कोण बघतंय?” दुसरा म्हणतो, “एफ-1 वाल्याने स्वतःला रेसिडेंट म्हणवलं तर व्हिसाला धोका.” त्यात प्रयोगशाळेतल्या एका मिशिगनच्या मित्राने नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला येतोस का म्हणून विचारलंय. बंदुकीला मी हात लावू शकतो का? घरी आईला अजून काही सांगितलेलं नाही.’

अरे बाबा, आईला मासेमारीचं खुशाल सांग. शिकारीचं मात्र हे सगळं वाचून झाल्यावर ठरव.

आधी पन्नास डॉलरचा प्रश्न. तुझे दोन्ही रूममेट चुकलेत, आणि दोघांची चूक एकाच शब्दाशी आहे. ‘रेसिडेंट’ हा शब्द अमेरिकेत प्रत्येक खिडकीवर वेगळा अर्थ घेऊन बसलेला असतो. विद्यापीठाच्या फीसाठी तू बाहेरचा. आयकराच्या हिशेबात बहुधा पहिली पाच वर्षं ‘नॉन-रेसिडेंट एलियन’. इमिग्रेशनच्या लेखी तू असा माणूस, ज्याचं घर भारतात आहे आणि ते सोडायचा ज्याचा इरादा नाही. आणि मासे-शिकारीच्या खात्याच्या लेखी? तिथे मिशिगनने सरळ लिहून ठेवलंय की राज्यातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात पूर्णवेळ शिकणारा आणि शैक्षणिक वर्षात राज्यात राहणारा विद्यार्थी रहिवाशाच्या दराने परवाना घेऊ शकतो. तो ओहायोचा आहे की देवगडचा, याला तिथे महत्त्व नाही. म्हणजे 26 डॉलर भरताना तू खोटं बोलत नाहीस. तुझ्यासाठी ठेवलेल्या दारातूनच आत जातोयस.

पण दार कोणतं, ते नीट बघ. त्याच नियमात रहिवाशाची दुसरी एक व्याख्याही आहे: ज्याचं कायमचं घर मिशिगनमध्ये आहे आणि इथेच राहण्याचा ज्याचा इरादा आहे तो. ही तुझी व्याख्या नव्हे. एकीकडे व्हिसाच्या मुलाखतीत शिकून परत जाणार म्हणून सांगायचं आणि दुसरीकडे माशाच्या परवान्यावर कायम इथेच राहणार म्हणून सही करायची, हे चांगलं दिसत नाही. विचारलं तर ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ एवढंच सांग. विद्यापीठाचं ओळखपत्र आणि रजिस्ट्रारकडून चालू सत्राचं नोंदणीपत्र फोनमध्ये ठेव. ते पत्र फुकट आणि दोन मिनिटांत मिळतं. मिशिगनचा वाहन परवाना किंवा स्टेट आयडी नसेल, तर खात्याचं स्पोर्टकार्ड एका डॉलरला मिळतं. त्यावर काम भागतं.

मी स्वतः विद्यार्थी असताना दोन वर्षं बाहेरच्यांचा दर भरला. दुकानातल्या पोराने पासपोर्ट बघितला, पडद्यावर ‘नॉन-रेसिडेंट’ दाबलं आणि मी मुकाट पैसे दिले. चूक त्याची नव्हती. नियम मी वाचला नव्हता, त्याने कशाला वाचावा? तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या कोळ्याने (इथे ‘अँगलर’ म्हणतात, पण माणूस आपल्या कोळ्यासारखाच होता) धक्क्यावर बसल्या बसल्या मला हे सांगितलं. आजही त्या शंभर डॉलरची आठवण आली की चुटपुट लागते.

आता तारखांचं गणित. मिशिगनचा मासेमारीचा परवाना 1 मार्चला सुरू होतो आणि पुढच्या वर्षीच्या 31 मार्चला संपतो. तू शरद ऋतूत घेतलास तरी 31 मार्चलाच संपणार. मार्चमध्ये नवा घेतलास तर पूर्ण तेरा महिने वापरायला मिळतो. 26 आणि 76 हे दर 2014 पासूनचे. पैसे भरण्याच्या दिवशी डीएनआरच्या (म्हणजे मासे-शिकारीच्या त्याच खात्याच्या) साइटवर एकदा बघून घे. सतरा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही. आणि हो, अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारला तर दचकू नकोस. माशांशी त्याचा संबंध नाही. मुलांची पोटगी बुडवणारे बाप शोधता यावेत म्हणून 1990 च्या दशकात केंद्राने राज्यांना तो नंबर अशा परवान्यांवर घ्यायला लावला. तुझ्याकडे नसेल तर नाही म्हणून सांग. मित्राचा किंवा मनातला नंबर टाकू नकोस.

ही विद्यार्थ्यांची सवलत सगळीकडे सारखी नाही, आणि इथे आपली मुलं फसतात. मिनेसोटात आणि न्यूयॉर्कमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याला रहिवाशाचा दर मिळतो, पुरावा दाखवावा लागतो. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये सवलत आहे, पण तिथल्या कायद्यातला शब्द आहे ‘अंडरग्रॅज्युएट’. म्हणजे मॅडिसनला बीएस करणारा पोरगा बसतो, त्याच्याच घरात राहणारा पीएचडीवाला त्या कलमात बसत नाही. टेक्सासला राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिल्यावर रहिवासी धरतात, कॅलिफोर्नियाला सलग सहा महिने पुरतात. तिथे ऑगस्टात उतरलेल्याने सप्टेंबरात रहिवासी परवाना घेतला तर तो सरळ खोटेपणा होईल. तेव्हा ‘माझ्या चुलतभावाने डॅलसला असं केलं’ हा सल्ला ॲन आर्बरला लागू नाही. उन्हाळ्यात इंटर्नशिपला दुसऱ्या राज्यात गेलास तर मिशिगनचा परवाना मिशिगनच्या पाण्यापुरताच. तिथला वेगळा काढ, बहुधा बाहेरच्यांच्या दराने.

तुझी सवलत ‘पूर्णवेळ’ या शब्दावर टिकून आहे, हेही ध्यानात ठेव. शेवटच्या सत्रात एकच विषय उरला म्हणून कमी क्रेडिट घेतलीस, किंवा पदवी घेऊन ओपीटीवर (शिक्षणानंतर नोकरी करायच्या मुदतीवर) गेलास, की ते कलम तुझं राहत नाही. त्यानंतरचा परवाना काढताना आधी डीएनआरला ईमेल करून विचार आणि उत्तर जपून ठेव. लग्न करून बायकोला एफ-2 या जोडीदाराच्या व्हिसावर आणलीस तर ती विद्यार्थी नाही; नवऱ्याच्या ओळखपत्रावर तिला गळ टाकता येत नाही. पदवीदान समारंभाला आई-बाबा आले आणि बाबांना नदीवर न्यायचं असेल, तर चोवीस तासांचा परवाना 10 डॉलरला मिळतो, रहिवाशाला आणि पाहुण्याला एकाच दराने. ‘जरा धर रे गळ, मी चहा घेऊन येतो’ एवढ्यापुरता ज्याने गळ धरला, तोही अधिकाऱ्याच्या नजरेत मासेमारी करणाराच. सगळ्या देशी मित्रांना एकदा नदीवर न्यायचं असेल तर फ्री फिशिंग वीकेंडची वाट बघ. मिशिगनमध्ये असे दोन असतात, एक फेब्रुवारीत आणि एक जूनमध्ये. त्या दोन दिवसांत परवाना नसला तरी चालतो, बाकीचे सगळे नियम मात्र तेच.

त्या बाकीच्या नियमांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पकडले जातात ते लोक बहुधा इथेच. आपल्याकडे खाडीवर लहानपणी कोणी मासा मोजला नाही. जो लागला तो आपला. इथे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास 14 इंचांपेक्षा लहान असेल तर तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा, आणि दोन्ही जाती मिळून दिवसाला पाच. वॉलाय बहुतेक ठिकाणी 15 इंच. नॉर्दर्न पाइक 24 इंच, दिवसाला दोन. ब्लूगिल-सनफिशसारख्या तळहाताएवढ्या माशांना किमान लांबी नाही, पण एकूण पंचवीस. बास घरी न्यायचा मोसम मेअखेरच्या मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी उघडतो. त्याआधी धरलास तर लगेच सोडावा लागतो. ही सर्वसाधारण मापं. एखाद्या तळ्याचा नियम वेगळाही असतो, म्हणून मोजपट्टी आणि त्या वर्षाची नियमपुस्तिका दोन्ही पिशवीत हवीत. देवगडहून पाग (फेकायचं जाळं) आणायचा विचार असेल तर सोडून दे, बाससारखे मासे इथे जाळ्याने धरता येत नाहीत. आणि जास्त मिळाले म्हणून अपार्टमेंटमधल्या मित्रांना पाच-पाच डॉलरला विकू नकोस. हौशी परवान्यावर धरलेला मासा विकता येत नाही. शिवाय एफ-1 वर असताना मासे विकून पैसे कमावणं म्हणजे परवानगीशिवाय धंदा. एका पिशवीभर माशांत दोन कायदे मोडायची काय हौस?

‘कोण बघतंय?’ याचं उत्तर: काँझर्व्हेशन ऑफिसर बघतो. मिशिगनमधला हा माणूस म्हणजे नुसता वनरक्षक नव्हे, पूर्ण अधिकारांचा पोलिस असतो. एकदा जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून आम्ही तिघं बसलो होतो. आजूबाजूला मैलभर कोणी नाही असं वाटत होतं. पांढऱ्यातून एक माणूस चालत आला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग परवाने बघितले, बादलीतले मासे मोजले आणि शुभेच्छा देऊन गेला. आमच्यातला एकजण परवाना गाडीत विसरला होता. त्याला तो बर्फावरून गाडीपर्यंत घेऊन गेला. परवाना होता म्हणून बरं. खोट्या माहितीवर काढलेला परवाना, किंवा परवानाच नसणं, हा मिसडिमीनर, म्हणजे छोटा फौजदारी गुन्हा, ठरू शकतो. मग पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात, डीएस-160 मध्ये, अटक किंवा शिक्षा झाली होती का या प्रश्नापुढे तुला ‘हो’ लिहावं लागेल. कौन्सुलेटच्या खिडकीत उभं राहून माशाची गोष्ट सांगायची पाळी पन्नास डॉलरसाठी कशाला आणायची? शिवाय बहुतेक राज्यं एका करारात बांधलेली आहेत: एका राज्याने परवाना निलंबित केला की दुसरीही तो मानतात.

बाहेरच्यांना इतका जास्त दर का, हा राग कधीतरी तुलाही येईल. तो जुना आहे. मोंटाना राज्यात एल्क हरणाच्या शिकारीसाठी रहिवाशाला 9 डॉलर आणि बाहेरच्याला 225 डॉलरचा जोड परवाना असं होतं. मिनेसोटाचे काही शिकारी न्यायालयात गेले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोंटानाची बाजू उचलून धरली: हौशी शिकार हा देशभर समान मिळालाच पाहिजे असा मूलभूत हक्क नाही, आणि आपली जनावरं वर्षभर सांभाळणाऱ्या रहिवाशांना राज्य स्वस्तात देऊ शकतं. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की तुरुंगच आठवतो. इथे रान राखायचा पैसाच मोठ्या प्रमाणात परवान्यातून येतो. जोडीला 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर आणि 1950 च्या कायद्याने गळ-काठीवर बसवलेला केंद्राचा कर. तू दुकानातून रीळ घेतलंस तेव्हा त्यातले थोडे पैसे माशांसाठी आधीच गेले.

आता बंदूक. इथे मात्र तुझ्या घाबरट रूममेटच्या म्हणण्यात तथ्य आहे, अर्धं.

केंद्राचा कायदा असा आहे: बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याने, म्हणजे तुझ्यासारख्या एफ-1 वाल्याने, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचंच नाही. विकत घेणं तर सोडच, मित्राची हातात घेणंसुद्धा. या बंदीला थोडे अपवाद आहेत. त्यातला तुझ्या कामाचा एक: ज्याच्याजवळ अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना आहे, त्याला ही बंदी लागू नाही. म्हणजे मासेमारीचा परवाना इथे निरुपयोगी. शिकारीचाच हवा, आणि मुदत संपली की अपवादही संपला. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात. ‘आधी रेंजवर नेमबाजी शिकू, परवाना पुढच्या महिन्यात काढू.’ तो पुढचा महिना यायच्या आत रेंजवरच गुन्हा घडून गेलेला असतो, आणि हा गुन्हा साधा नाही, केंद्राचा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. त्यात सापडलास तर पदवीही गेली आणि देशही सोडावा लागेल.

मिशिगनमध्ये शिकारीचा पाया म्हणजे ‘बेस लायसन्स’. रहिवाशाला 11 डॉलर, बाहेरच्याला 151. विद्यार्थ्याचं कलम इथेही लागू होतं, आणि इथे फरक पन्नासाचा नाही, एकशे चाळीसचा आहे. हरणाचा परवाना त्यावर वेगळा. 1 जानेवारी 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर सेफ्टीचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर ॲप्रेंटिस (शिकाऊ) परवाना काढता येतो, दोन परवाना-वर्षांपर्यंत. सोबत किमान एकवीस वर्षांचा, स्वतःचा त्याच शिकारीचा परवाना असलेला माणूस हवा. माझं ऐकशील तर ॲप्रेंटिसच्या आडोशाला जाऊ नकोस. कोर्स कर. ज्याने आयुष्यात बंदूक धरली नाही, त्याने नोव्हेंबरच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात पहिल्यांदा ती धरू नये.

मित्र तुला बोलावतोय तो दिवस बहुतेक 15 नोव्हेंबर असेल. हरणाचा बंदुकीचा मोसम मिशिगनमध्ये त्या दिवशी उघडतो आणि 30 ला संपतो. उत्तरेकडच्या कितीतरी गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. आपल्या गावच्या जत्रेसारखं समज, फक्त देवळाऐवजी रान आणि गुलालाऐवजी भगवा. हो, भगवाच: भडक केशरी टोपी, जॅकेट किंवा व्हेस्ट घालणं सक्तीचं आहे. हरीण मारलंस तर बहात्तर तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते.

मला विचारशील तर या वर्षी बंदूक नको. मित्राबरोबर जा, त्यांच्या केबिनमध्ये राहा, पहाटे त्याच्याजवळ गप्प बसून रान कसं जागं होतं ते बघ. केशरी मात्र तूही घाल. फक्त एक सांभाळ: हाकारा घालायला, म्हणजे झाडीतून हरीण उठवून त्यांच्याकडे पळवायला सांगितलं तर नाही म्हण. मिशिगनच्या कायद्यात पाठलाग करणं, हुसकावणं हीही शिकारच धरली आहे, आणि त्यालाही परवाना लागतो. ‘जरा रायफल धर, मी कुंपण ओलांडतो’ म्हणाला तर तीही धरू नकोस, जमिनीवर ठेवायला सांग. त्याला वाईट वाटणार नाही. कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करून खाली ठेवणं हा हंटर सेफ्टीच्या वर्गातला पहिल्या दिवसाचा धडा आहे, तोही शिकलेला असेल.

पुढच्या वर्षी खरंच जायचं झालं तर धनुष्यबाणाचा विचार कर. हरणाचा धनुष्याचा मोसम 1 ऑक्टोबरला सुरू होतो. परवाना त्यालाही लागतो, पण धनुष्य हे बंदुकीच्या केंद्रीय बंदीत येत नाही, त्यामुळे सरावाला आधी मोकळीक मिळते. बंदूकच हवी असेल तर स्वतःची घेऊ नकोस. 2024 पासून मिशिगनमध्ये रायफल-शॉटगनच्या खरेदीचे नियमही कडक झालेत, दुकानात केंद्राचा फॉर्म भरताना व्हिसाबद्दल प्रश्न येतात, आणि घेतलीस तरी ठेवणार कुठे? तुझ्या विद्यापीठाने आवारात शस्त्रांना बंदी घातलेली आहे. त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला अर्ध्या तासाची फी देऊन एकदा विचारून घे. हे काम रूममेटचं नाही आणि माझंही नाही.

राहता राहिली ह्युरॉन नदी. परवाना म्हणजे मासा धरायची परवानगी. तो खाण्याजोगा आहे, असं त्यावर कुठे लिहिलेलं नसतं. 2018 मध्ये मिशिगनच्या आरोग्य खात्याने ह्युरॉनचा मोठा पट्टा, ॲन आर्बरची वॉश्टनॉ काउंटी धरून, ‘मासे खाऊ नका’ या यादीत टाकला. कारण पीएफएएस नावाची रसायनं, जी शिजवून जात नाहीत आणि तळून तर नाहीच नाही. खात्याची ‘ईट सेफ फिश’ नावाची पुस्तिका राज्याच्या दर भागाची वेगळी मिळते. तुझ्या नदीचं पान उघडून बघ आणि तो पट्टा अजून यादीत असेल तर धरलेला बास हात लावून, फोटो काढून सोडून दे. हात लावल्याने काही होत नाही. नदीकाठच्या गॅलप पार्कला संध्याकाळी जा, तिथले लोक हेच करतात.

खायचाच असेल तर पुस्तिकेत ज्या तळ्याला हिरवा कंदील आहे, तिथला ब्लूगिल आण. दिसायला लहान, पण मांस गोड. खवलं काढून, चिरे मारून, हळद-तिखट-मीठ-कोकमाचं आगळ लावून तासभर ठेव आणि रव्यात घोळवून तळ. तिरफळ मात्र घालू नकोस, गोड्या पाण्यातल्या माशाला ते मारून टाकतं. आणि आईला फोटो पाठवशील तेव्हा काटे बारीक आहेत, ते तिला आधीच सांग. नाहीतर ती रात्रभर जागी राहील.